सूतभर वर राहिलेला साचा

वापरलेली वस्तू पुन्हा कामी आणणं, यालाच सुधारणा म्हणतात. म्हणून मोंटानातले कर्ते पुरुष उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकत नाहीत. बार झाला की ती फुगते. मग तिला साच्यात दाबून वळणावर आणायची आणि दारू-गोळी भरायची. साचा आट्यांवर खाली-वर फिरतो; जागा जुळली की त्याची कडी आवळायची, म्हणजे तो हलत नाही. फार खाली गेला तर पुंगळी आखूड होते, जरा वर राहिला तर ती बंदुकीत बसत नाही. (दुकानात भरलेली काडतुसं मिळतात. पण मग जगण्यात राम काय?)

ऑरिन सोरम या शास्त्रातला अधिकारी पुरुष. उन्हाळाभर तो साचा जुळवत होता. घराचं छप्पर गळत होतं, पण छपराला अंदाज चालतो.

त्याची बायको अल्विना. तिची समज बेताची असल्यामुळे मागणीही बेताचीच होती: बर्फ साचायच्या आत फ्रीझरमध्ये एक एल्क. सांबराचाच थोरला भाऊ तो; एक पडला की घर हिवाळाभर जेवतं. शिकारीच्या मोसमाचा शेवटचा रविवार तोंडावर आला होता.

"साच्याची ती कडी ढिलीच का रे?" तिने विचारलं.

"आवळली की जुळवणी संपली, अगं. माझी अजून चाललीय."

"तुझी संपेस्तोवर मी संपेन."

(दहातले नऊ जाणकार कडी आवळत नाहीत, दहाव्याने शिकार सोडली आहे. ही पाहणी अल्विनाने चर्चच्या जेवणात केली.)

पहिली पुंगळी ऑरिनने बंदुकीत घालून पाहिली. म्यानात तलवार जावी तशी गेली. बाकीच्या तपासणं म्हणजे शास्त्रावर अविश्वास, तो त्याने दाखवला नाही. ढिला साचा मात्र दर दाबासरशी केसाकेसाने वर सरकत गेला.

रविवारी दोघं रानात गेली आणि एल्क समोर येऊन उभा राहिला. ऑरिनने काडतूस घातलं. ते आत ढकलणारा बोल्ट अर्ध्यात अडला. दुसरं घातलं. तिसरं घातलं.

"अरे, मार ना!"

"सूतभर राहिलंय गं."

"तो बघ, पळतसुद्धा नाहीये मेला. चालत जातोय!"

"पण पितळ बघ, कसं चकाकतंय."

संध्याकाळी शेडमध्ये जाणकारांची बैठक भरली. काडतुसं हातोहात फिरली. ठराव एकमताने झाला: काडतुसं निर्दोष, बंदूक अरुंद. नवी घ्यावी.

अल्विनाने डब्यातला राजमा गरम करून वाढला. "पोटभर खा रे बाबांनो," ती म्हणाली, "वसंतापर्यंत हाच आहे." कुणी मान वर केली नाही, आटे उजवे असावेत की डावे, यावर चर्चा रंगली होती.

तुम्ही हसलात, हसा. पण साचा, कडी, पुंगळी सगळं तुम्ही जीव लावून समजून घेतलंत. अल्विनाचा हिवाळा कसा जाणार, हे विचारायचं तुमच्याही ध्यानात आलं नाही. बसा, राजमा उरलाय.