मार्चमध्ये गेलेल्या माणसाचा पाणउंदीर

अँब्रोज थर्लबी मार्चमध्ये गेला आणि ऑगस्टमध्ये त्याला गिरणीच्या पुलाखाली पाणउंदीर दिसला. राष्ट्रीय नोंदसंग्रहाच्या नकाशावर तसा हिरवा ठिपका उमटला होता. ठिपक्यावर बोट ठेवलं की प्राण्याचं नाव, जागा, तारीख आणि पाहणाऱ्याचं नाव दिसे. तारीख आजची होती. हंफ्री टॅपस्कॉटने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी ती आजचीच राहिली.

हंफ्री हा थॉर्नबेक निसर्ग मंडळाचा माहिती-चिटणीस. गावातली हौशी माणसं ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर हिंडून बेडूक, भुंगे, पाखरं टिपून ठेवत. त्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवून देशाच्या संग्रहात पोचवायच्या हे त्याचं काम. अँब्रोज म्हणजे या मंडळाचा प्राण. चाळीस वर्षं त्याने लिहिलेली कार्डं बुटांच्या खोक्यांत भरून माळ्यावर पडली होती. शेवटच्या दुखण्यात त्याने हंफ्रीचा हात धरून एवढंच मागितलं होतं, की ती खोकी कुजू देऊ नकोस, सगळं तिकडे पोचव, माझ्या नावानं. हंफ्रीने शब्द दिला. पाळलाही. माशी शिंकली ती अगदी शेवटच्या खोक्यात.

त्या खोक्यात एकाच दिवसाची कार्डं होती. मागच्या ऑगस्टमधली अँब्रोजची शेवटची फेरी: पुलापासून निघून, ओढ्याने वर, चर्चवरून हंफ्रीच्या बागेत चहापर्यंत. सगळ्यांची तारीख एकच, म्हणून हंफ्रीने ती कॉम्प्युटरवरच्या तक्त्याच्या पहिल्या खान्यात लिहिली, कोपरा धरला आणि खाली ओढली. वर्ष सवयीने चालू घातलं गेलं, ही एक चूक. यंत्र नको तिथे हुशार, त्याने प्रत्येक ओळीला एकेक दिवस पुढे सरकवला, ही दुसरी. पुढच्या तारखांच्या नोंदी त्या यंत्राने फेकून दिल्या असत्या तरी निभावलं असतं. पण त्याने त्या रांगेत बसवल्या, आणि जिची तारीख उजाडेल ती रोज सकाळी इमानाने पुढे धाडायला सुरुवात केली.

मग चूक कळवून मोकळं व्हावं की नाही? पण रांगेतली एकटी ओळ काढायची सोय नव्हती. काढायचा तर अँब्रोजचा आख्खा गठ्ठा. आणि तोही जिल्ह्याच्या पडताळणी करणाऱ्या मिस क्रॅडॉक यांना लेखी कारण देऊन. एकदा संशयाने परत गेलेला गठ्ठा त्या पुन्हा दारात उभा करत नसत. बाई जिल्ह्यात नव्या होत्या, माणसं त्यांना नावांपुरतीच ठाऊक; पण त्यांनी स्वतःच्या सख्ख्या भावाची चतुर-कीटकाची नोंद नाकारली होती आणि तेव्हापासून भाऊ नाताळला येत नाही, एवढी कीर्ती त्यांच्या आधी येऊन पोचली होती. चाळीस वर्षांच्या खऱ्या नोंदी आणि एक खोटा पंधरवडा असे एकाच दाव्याला बांधले गेले होते. हंफ्रीने विचार केला, झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसावं.

दुपारी नोंदीखाली मिस क्रॅडॉक यांचा प्रश्न आला: या ओढ्यात कित्येक वर्षांत पाणउंदीर नाही, पुरावा द्यावा. हंफ्रीला उलट हायसं वाटलं. मेलेला माणूस उत्तर देणार नाही, उत्तर नाही म्हणून नोंद बाद होईल, एकेक करून सगळ्याच होतील, आणि कुणाला कानोकान कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्नाखाली उत्तर होतं. फोटो होता; पुलाखालच्या काठावर बसून गवत कुरतडणारा गलेलठ्ठ पाणउंदीर. खाली ओळ होती: "पुलाची डावी बाजू. आपला, अँ. थर्लबी." त्याखाली मिस क्रॅडॉक: "आभार. नोंद मान्य."

हंफ्रीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने अँब्रोजच्या शवपेटीचा मागचा डावा कोपरा स्वतःच्या खांद्यावर वाहिला होता. आत माणूस होता याबद्दल खांद्याला शंका नव्हती. पुढच्या दिवशी खंड्या. त्याच्या पुढच्या दिवशी गवती साप. प्रत्येक वेळी तारीख उजाडे, बाई पुरावा मागत, आणि थर्लबी यांचा फोटो येई. काल्पनिक तारखेला खरा प्राणी येऊन बसत होता. हंफ्रीने केलेली चूक कुणीतरी मागून येऊन खरी करत होतं.

शेवटी त्याने मनाचा हिय्या केला आणि पाणचिचुंद्रीच्या दिवशी भर दुपारी ओढ्यावर गेला. समुद्राकडून धुकं आलं होतं. दहा पावलांपलीकडचं झाड नुसतं आहेसं वाटत होतं. तो पुलावर उभा राहिला. पाणी वाहत होतं, पण त्याचा आवाज जणू दुसऱ्याच ओढ्यातून येत होता. मग धुकं जरा हललं आणि पलीकडच्या काठावर एक कोट बसलेला दिसला. अँब्रोजचाच, मेंदीच्या रंगाचा, कोपरावर चामड्याचं ठिगळ. वर ती चपटी टोपी. अँब्रोजच्या पाइपच्या तंबाखूचा वास ओढा ओलांडून येत होता. कोट पाण्याकडे पाहत होता आणि अजिबात हलत नव्हता.

हंफ्रीने हाक मारली नाही. मारली असती आणि उत्तर आलं असतं तर काय करणार होता? तो उलटा फिरला, चिखलात एका पायातला रबरी बूट सोडला आणि मोज्यानिशी घरी आला.

घरी येऊन त्याने रांगेतली शेवटची ओळ पाहिली आणि त्याची पाचावर धारण बसली. जागा: टॅपस्कॉट यांची बाग. तारीख: येता शुक्रवार. कीटक: पुरणारा भुंगा. गेल्या वर्षी कुंपणाखाली मेलेल्या चिचुंद्रीवर अँब्रोजला तो सापडला होता, आणि चहा थंड करून त्याने सगळ्यांना समजावलं होतं की हा भुंगा कोसावरून मृत्यूचा वास काढत येतो, प्रेत असेल तिथेच उतरतो आणि ते जमिनीत पुरतो. आतापर्यंतची एकही नोंद चुकली नव्हती. म्हणजे शुक्रवारी हंफ्रीच्या बागेत भुंगा येणार होता, आणि भुंग्यासाठी काहीतरी मेलेलं असायला हवं होतं. हंफ्री घरात एकटाच राहत असे.

शुक्रवार उजाडेपर्यंत त्याने बहिणीला फोन करून उगाच तब्येत विचारली, शेजाऱ्याची शिडी परत केली आणि फ्रीजमधलं दूध पिऊन संपवलं. मागे राहणाऱ्यांना नासकं दूध ओतावं लागू नये. त्या सकाळी नोंद पुढे गेली आणि मिस क्रॅडॉक यांचं उत्तर लगेच आलं. दुष्काळात तेरावा महिना. या भुंग्याची जात फोटोवरून ठरत नाही, दुपारी मी त्याच भागात आहे, स्वतः येऊन पाहते. श्री. थर्लबी यांनीही कृपया हजर राहावं.

दुपारी पुन्हा धुकं उतरलं. हंफ्री बागेतल्या खुर्चीत आवळलेल्या मुठी घेऊन बसला होता. मागच्या फाटकाची कडी वाजली. धुक्यातून आधी टोपी आली, मग कोट, मग तंबाखूचा वास. कोट सरळ त्याच्याकडे चालत आला आणि समोर थांबला. त्याला तोंड होतं, आणि ते हेस्टर थर्लबीचं होतं.

"असा काय बघतोस भूत बघितल्यासारखा?" अँब्रोजची बायको म्हणाली. "आधण ठेव."

हंफ्रीने आधण ठेवलं नाही. त्याने एका दमात सगळं ओकून टाकलं. तारीख कशी ओढली, ओळी कशा सरकल्या, अँब्रोज काही कुठे हिंडत नाहीये, सगळा आपल्या गाढवपणाचा खेळ. सांगताना त्याला रडू फुटायच्या बेतात होतं.

"ठाऊक आहे मला," हेस्टर म्हणाली. "अँब्रोज मेल्याचं मला तुझ्या आधी कळलं होतं, हंफ्री."

मग तिने सांगितलं. त्या बाईंचं पत्र अँब्रोजच्या पत्त्यावर, म्हणजे घरच्या टॅब्लेटवर आलं. आलेल्या पत्राला उत्तर न देणं बरं दिसत नाही. म्हणून ती पुलावर जाऊन बसली. ओल बाधते म्हणून दारामागचा कोट चढवला.

"आणि लगेच पाणउंदीर आला?"

"दुपार गेली. चाळीस वर्षं जेवण गार करत त्या माणसाची वाट बघितलीय मी. उंदराचं काय घेऊन बसलास?"

फोटो तिने आधी स्वतःच्याच नावाने पाठवला होता. तर मिस क्रॅडॉक यांनी कळवलं की आपण नवख्या आहात, साधा उंदीर तर नव्हता ना, शेपटीची लांबी किती, कान दिसत होते का. मग तोच फोटो तिने नवऱ्याच्या नावाने पाठवला. आभार, नोंद मान्य. "मी जिवंत असून माझं खरं नाही, आणि हा मेला तरी याचं खरं," हेस्टर म्हणाली. पण खोटी नोंद तिने एकही केली नव्हती. आजचीही करणार नव्हती. तिने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. हंफ्रीने भिडेखातर हात पुढे केला आणि मागे घेतला. डब्यात मांजराने मारलेला उंदीर होता.

उंदीर कुंपणाखाली मांडून होतोय तोच मिस क्रॅडॉक आल्या. काटकुळ्या बाई, गळ्यात भिंग. नमस्कार-चमत्कार न करता त्यांनी विचारलं, "श्री. थर्लबी कुठे आहेत?"

"चर्चच्या आवारात," हंफ्री म्हणाला.

"मग बोलवा त्यांना."

"मार्चपासून तिथेच आहेत ते."

बाई खुर्चीत बसल्या. हंफ्रीने दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मृत व्यक्तीला नोंद करता येत नाही. अशी एक जरी निघाली तरी गठ्ठा परत जातो."

"त्याचं आख्खं आयुष्य आहे हो त्यात," हंफ्री म्हणाला. "चूक माझी. मला काढा मंडळातून. त्याला नका काढू."

"हा पंधरवडा माझा आहे," हेस्टर म्हणाली. "माझं नाव घाला आणि विचारा काय शेपट्या विचारायच्या त्या. पण त्याच्या खोक्यांना हात लावू नका."

मिस क्रॅडॉक विचारात पडल्या. तेवढ्यात घोंघावत एक काळा भुंगा आला, पाठीवर नारिंगी पट्टे. उंदरावर एक घिरटी घातली, नाक मुरडल्यासारखा वर उठला आणि हंफ्रीच्या स्वेटरवर छातीशी येऊन बसला.

"हलू नका," म्हणत बाईंनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. "जात बरोबर आहे." मग भिंगातूनच वर हंफ्रीच्या तोंडाकडे पाहिलं. "तुमची तब्येत बरी आहे ना?"

हंफ्रीने बरी आहे म्हटलं, पण त्याची त्यालाच खात्री वाटेना.

भुंगा उडाला आणि बाई कामाला लागल्या. एकेक फोटो उघडायचा, हेस्टरची उलटतपासणी करायची आणि समाधान झालं की नाव बदलायचं. पाणउंदीर, खंड्या, साप. फोटो तिचेच होते हे सांगायला नको होतं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिचा अंगठा आला होता. गठ्ठा वाचत होता. हंफ्रीने थर्मासमधला चहा सगळ्यांना ओतला, आणि कित्येक दिवसांनी त्याला चहाची चव लागली.

"कालचा भेक," बाई म्हणाल्या. "चर्चच्या आवाराची भिंत."

"तो माझा नव्हे."

"फोटो तुमच्याच टॅब्लेटवरून आलाय."

"काल मी लिंकनला होते, दंतवैद्याकडे. टॅब्लेट माझ्या पिशवीत होता. कालची नोंद राहिलीच म्हणून हळहळत होते मी."

हंफ्रीने वाकून पाहिलं. ओल्या दगडावर भेक, खरबरीत पाठीचा थोराड बेडूक, बसला होता. फोटो जवळून, खालून, भेकाच्या डोळ्यांच्या रेषेत घेतला होता, सरावाच्या हाताने. कोपऱ्यात अंगठा नव्हता. भेकाच्या मागे धुक्यात एक नवं थडगं दिसत होतं. हेस्टरने हंफ्रीकडे पाहिलं आणि त्याने मान हलवली. त्याला तर फोटो पाठवायचा कसा हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

मिस क्रॅडॉक यांचं बोट पडद्यावर थांबलं होतं. सख्ख्या भावाला न सोडणारी बाई. त्यांनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"भेकाबद्दल शंका नाही," त्या शेवटी हळूच म्हणाल्या, आणि नाव न बदलता 'मान्य'वर बोट ठेवलं.

हेस्टरने कप खाली ठेवला, जरा जोरातच.

"म्हणजे मी घरी नाही म्हटल्यावर हा एकटाच गेला," ती म्हणाली. "बघितलंत? सांगून जायची पद्धत म्हणून नाही."

ती उठली, कोटाची बटणं लावली, टोपी घातली.

"कुठे निघालात?" हंफ्रीने विचारलं.

"चर्चकडे. चार शब्द ऐकवायचेत त्याला."

आणि ती फाटक उघडून धुक्यात गेली. जाताना तिने टेबलावरचा थर्मास उचलला आणि त्याबरोबर दोन कप घेतले.