केळीचं बी

कप्तान विराजने लाल ग्रहाच्या मातीत केळीचं बी पेरलं, तेव्हा जळगावच्या पिंप्राळ्यातले जीवराम गुरुजी सोफ्यावरून ताडकन उठले. मांडीवरच्या वाटीतले शेंगदाणे घरभर झाले.

"बी?" गुरुजी ओरडले. "अगं मंदा, हा केळीचं बी पेरतोय!"

"पेरू द्या," मंदाबाई आतून म्हणाल्या. "आपल्या अंगणात तर नाही ना पेरत?"

गुरुजींनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्यांना एकच व्यसन लागलं. 'शून्यापार' ही अवकाशातली मालिका, दर रविवारी रात्री आठ वाजता, चौथीतल्या नातीला, दिपमालाला, शेजारी बसवून. पहिल्याच भागात कप्तान विराज म्हणाला होता, "माझं बालपण केळीच्या बागेत गेलं." जळगावच्या माणसाला कप्तान आवडायला आणखी काय लागतं? त्या दिवसापासून गुरुजी त्याला घरचाच समजत होते. आणि घरच्याच माणसाने आज असं नाक कापावं!

"आबा," दिपमालाने विचारलं, "कप्तान केळीच्या बागेत वाढला ना? मग त्याला माहीत नसेल का, केळीला बी नसतं ते?"

"कप्तानाला माहीत असेल गं. लिहिणाऱ्याला माहीत नाही!"

एरवी गुरुजी असं उत्तर देणारे नव्हते. मुलाचा प्रश्न त्यांनी कधी झटकला नव्हता. वर्गात "कोणाला कळलं?" असंही ते कधी विचारत नसत. तसं विचारलं की सगळेच हात वर करतात. ते विचारायचे, "कोणाला कळलं नाही?" आणि हात वर करणाऱ्याला आधी शाबासकी द्यायचे. पण रागावलेल्या माणसाला स्वतःचे नियम आठवत नाहीत. दिपमालाचा प्रश्न शेंगदाण्यांबरोबर सोफ्याखाली गेला.

गुरुजींनी चष्मा लावला आणि कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं : 'शून्यापार ही मालिका उत्तम आहे. मात्र आजच्या भागात केळीचे बी पेरलेले दाखवले. आपण लावतो त्या केळीला बी नसते, कंद लावतात. मुलांना चुकीचे शिकवू नये.'

हा मजकूर हितेंद्रने वाचला. हितेंद्र नगरसेवक व्हायचा होता, म्हणजे अजून झाला नव्हता. त्याला बऱ्याच दिवसांपासून एका प्रश्नाची गरज होती. त्याने पहिलं वाक्य काढलं, शेवटी तीन उद्गारचिन्हं टाकली आणि मजकूर पुढे पाठवला. सोमवारी दुपारपर्यंत त्याची 'केळीची बदनामी' झाली. संध्याकाळी गुरुजींच्याच मोबाइलवर शिरपूरच्या साडूकडून बातमी आली की एका मालिकेत केळं खाऊन परग्रहावरचा माणूस मेला, आणि जळगावचे एक ज्येष्ठ शिक्षक त्याविरुद्ध पेटून उठले आहेत.

"कोण गं हे शिक्षक?" गुरुजींनी विचारलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी चौकात मिळालं. फ्लेक्सवर गुरुजींचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'केळीचा अपमान सहन करणार नाही'. गुरुजींपेक्षा मोठा फोटो हितेंद्रचा होता.

"अरे बाबा, मला फक्त चूक दुरुस्त करायची होती," गुरुजी हितेंद्रला म्हणाले.

"काय गुरुजी तुम्ही भो! दुरुस्तीसाठी कोणी मोर्चा काढतं का? मोर्चा बंदीसाठीच असतो."

"पण मालिका चांगली आहे रे. तू पाहिली का?"

"मी कशाला पाहू? माझ्या भावना दुखावल्यात."

मोर्चा निघाला. केळीचे व्यापारी रुपचंदशेठ दोन घड घेऊन आले आणि घोषणा संपायच्या आत घडही संपले. वाळलेल्या केळीच्या पानांचा कप्तान विराज तयार केला होता, डोक्यावर स्टीलची कढई. हितेंद्रने काडेपेटी गुरुजींच्या हातात दिली.

गर्दीत पुढेच दिपमाला उभी होती. "आबा, तुम्ही कप्तानाला जाळणार?"

माघार घ्यावी तर चौकात फ्लेक्स, पुढे जावं तर नातीचे डोळे. शेवटी मास्तरकीच कामाला आली. "थांबा!" ते म्हणाले. "हा पुतळा कशाचा आहे? केळीच्या पानांचा! केळीच्या सन्मानासाठी केळीच जाळायची?"

टाळ्या पडल्या. पुतळा वाचला. पण त्याचं करायचं काय हे कोणालाच कळेना, म्हणून त्याला गुरुजींच्याच ओट्यावर आणून बसवलं. मंदाबाईंनी फक्त त्याच्या डोक्यावरची कढई ओळखली आणि परत घेतली.

इथवर ठीक होतं. पण हितेंद्रने जाहीर केलं, "रविवारी शेवटचा भाग आहे. रात्री आठला पिंप्राळ्यात एकही टीव्ही चालू दिसणार नाही! कार्यकर्ते गल्लोगल्ली फिरतील. सुरुवात गुरुजींच्या घरापासून!"

त्या रात्री गुरुजींना जेवण गेलं नाही. शेवटचा भाग! लाल ग्रहावर कप्तानाचं काय होतं, यान परत येतं की नाही, सगळं रविवारीच कळणार. आणि आपण दोघं मिळून पाहू, असं त्यांनी दिपमालाला वचन दिलं होतं. ती रोज रात्री ओट्यावरच्या कप्तानाला चादर तेवढी पांघरत राहिली.

रविवारी सकाळी गुरुजी म्हणाले, "सोनगीरच्या अक्काला बरं नाही. मी जाऊन येतो. दिपमालालाही नेतो."

"हो का?" मंदाबाई म्हणाल्या. "आत्ताच माझ्याशी फोनवर पाऊण तास बोलल्या. आवाजावरून तर ठणठणीत वाटल्या."

"तसंच असतं त्या आजारात," गुरुजी म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले. हितेंद्रने त्यांना स्वतःच्या गाडीवर स्टँडपर्यंत सोडलं. "तुम्ही बिनधास्त जा गुरुजी. बहिष्कार मी सांभाळतो."

धुळ्याला एसटी बदलून दोघं सोनगीरला पोहोचले. पुष्पाअक्का, गुरुजींची थोरली बहीण, दारातच उभ्या होत्या.

"काय रे भाऊ, मी बिमार शे म्हणे? मंदानी सांगं. माले काय व्हयनं?"

"काही नाही अक्का. टीव्ही चालू आहे ना?"

"शे ना. पन आवाज मोठा कर बरं, माले ऐकू येत नही."

रात्री आठला गुरुजींनी आवाज मोठा केला, अक्कांनी आणखी मोठा करायला लावला. 'शून्यापार'चा शेवटचा भाग सोनगीरच्या किल्ल्यापर्यंत ऐकू गेला असेल. अर्धा भाग झाला आणि यानावरची वैमानिक बाई कप्तानावर पिस्तूल रोखून म्हणाली, "तू कप्तान विराज नाहीस! केळीच्या बागेत वाढलेला माणूस केळीचं बी पेरणार नाही!"

कप्तानाचा चेहरा मेणासारखा वितळला. आत हिरवा परग्रहवासी होता. खरा कप्तान बिचारा यानाच्या शीतगृहात कोंडलेला.

गुरुजी उभेच राहिले. ती चूक नव्हती, खूण होती! अख्ख्या जिल्ह्यात ती फक्त त्यांना दिसली होती, आणि त्यांनी तिच्यावर मोर्चा काढला होता. त्यांनी हळूच दिपमालाकडे पाहिलं. ती पडद्याकडे पाहत होती. बागेत वाढलेल्या कप्तानाला हे माहीत नसेल का, असं तिने त्याच रात्री विचारलं होतं, आणि त्यांनी ते झटकलं होतं.

सोमवारी गुरुजी घरी परतले तर ओट्यावर हार घेऊन हितेंद्र, रुपचंदशेठ आणि अर्धी गल्ली.

"शंभर टक्के बहिष्कार गुरुजी! एकाही घरातून आवाज आला नाही!"

गुरुजींनी हार घालून घेतला. कालचा शेवट सांगायचा होता, पण सांगणार कोणाला? ते तर आजारी बहिणीपाशी होते.

चहा आला. रुपचंदशेठ बशीत फुंकर मारत म्हणाले, "पण गुरुजी, मानलं तुम्हाला. तो नकली आहे हे तुम्ही आधीच..." आणि चहा घशात अडकला.

"कोण नकली?" गुरुजींनी विचारलं.

"काही नाही. आपलं... तूप. हल्ली तूप फार नकली येतं."

"हो, तूप," हितेंद्र घाईने म्हणाला. "हिरवं निघतं आतून."

कोणी कोणाकडे पाहिना. दिपमाला पुतळ्याशेजारी बसली होती. ती उठली आणि अगदी आबांच्या आवाजात म्हणाली, "कालचा शेवट कोणाला कळला नाही?"

सवय वाईट. गल्लीतले निम्मे लोक गुरुजींचे विद्यार्थी. आधी रुपचंदशेठचा हात वर गेला, मग हितेंद्रचा, मग बघता बघता सगळ्या ओट्याचा. स्वयंपाकघराच्या दारातून लाटण्यासकट मंदाबाईंचाही.

"तूसुद्धा?" गुरुजी म्हणाले.

"मग काय कळणार?" मंदाबाई कावल्या. "बाहेर कार्यकर्ते फिरत होते. आवाज बंद ठेवून पाहिलं!"

"आम्हीपण," हितेंद्र पुटपुटला. "कार्यालयाचं शटर पातळ आहे."

"शाबास," गुरुजी म्हणाले. घसा खाकरून त्यांनी हार काढून ठेवला आणि शिकवायला उभे राहिले. "तर ऐका. ज्या भागात बी पेरलं..."

"आबा," दिपमालाने अडवलं. "तो भाग तेव्हा कोणाला कळला नव्हता?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला. मग हळूहळू त्यांचा हात वर गेला.

"शाबास," दिपमाला म्हणाली. "बसा. मी सांगते."