तीन म्हटलं की खोकायचं

त्या दिवशी चार नंबरच्या वॉर्डात अकरा जणांना सुई टोचली आणि एकालाही दुखली नाही. धाकट्या भूलतज्ज्ञाची पद्धत शंभर टक्के यशस्वी. पण ते राहू द्या. असं काही झालंच नाही असं समजून आदल्या संध्याकाळपासून सुरुवात करू.

पद्धत साधी. भुलीची सुई टोचायच्या क्षणी पेशंटने जोरात खोकायचं. जीव खोकल्यात अडकतो, सुईकडे लक्षच राहत नाही. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या, "उद्या एकावर करून दाखव. जमलं तर सगळीकडे सुरू करू. फसलं तर हा विषय पुन्हा माझ्यापुढे नको."

पेशंट निवृत्त हेडमास्तर. हर्नियासाठी तीन महिन्यांनी नंबर लागलेला, पण सुईला भयंकर घाबरणारे.

"मी तीन म्हटलं की खोकायचं, काका."

"कोरडा की कफाचा?"

"कसाही चालेल."

"कसाही म्हणजे काय? सराव करावा लागेल."

इतका आज्ञाधारक पेशंट बघून डॉक्टर भरून पावला. तिथेच त्याचं चुकलं.

हेडमास्तर सकाळी सहापासून खोकायला लागले. शेजारच्याने कारण विचारलं, त्यालाही शिकवलं. आठपर्यंत अख्खा वॉर्ड एका तालात खोकत होता. पायाला प्लॅस्टर घातलेले एक गृहस्थ मागे पडत होते, त्यांच्याकडून वेगळं करून घेतलं.

नऊला मॅडम आल्या आणि दारातच थबकल्या. खोकणाऱ्याला भूल द्यायची नाही, हा नियम खुद्द त्यांचाच.

"आजची सगळी ऑपरेशनं रद्द."

"मॅडम, खोकला खोटा आहे. मी शिकवलाय."

"अकरा जणांना?"

"एकालाच. बाकीच्यांना त्यांनी दिला."

"साथ अशीच पसरते," मॅडम म्हणाल्या आणि मास्क नाकावर ओढला.

"काका, बास आता. थांबा बरं."

काकांनी मनापासून प्रयत्न केला. पण तीन तासांच्या सरावाने घसा सोलून निघाला होता. आता खोकला अस्सल होता.

सगळ्यांचं रक्त तपासायचं ठरलं. हेडमास्तरांनी स्वतः एक, दोन, तीन म्हटलं. अकरा सुया, अकरा खोकले, एकाच्याही कपाळावर आठी नाही.

"बघितलंत मॅडम?"

"बघितलं. पण ही भुलीची सुई नाही."

"मग माझा नंबर?" हेडमास्तरांनी विचारलं.

"तीन महिन्यांनी."

डॉक्टरने कागद ओढला. "माननीय विभागप्रमुख यांस, सदर वॉर्डातील खोकला हा आजार न धरता उपचार धरण्यात यावा, आणि आज रद्द झालेली ऑपरेशने रद्द झालीच नाहीत असे समजून ती आजच्याच तारखेला उरकण्यात यावीत, ही नम्र विनंती."