गजाभाऊजींची गाठ

आमचे गजाभाऊजी लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या आधी मांडवाचं मागचं दार बघतात. ते सापडलं की त्याच्याजवळची खुर्ची पकडतात आणि चपला पायात ठेवूनच जेवतात. कुणी हसलं तर म्हणतात, "आन् झालं तर?" काय झालं तर, हे मात्र सांगत नाहीत. मांडव पेटेल, पाणी घुसेल, नवरदेव पळून जाईल, सगळं त्या तीन शब्दांत आलं.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याच अंगणात पलीकडच्या खोलीत एकटे राहतात. तरुणपणी खाडीत रेतीच्या होडीवर होते. त्यांचं लग्न राहूनच गेलं. का, ते मी नवी नवरी असताना विचारलं नाही आणि नंतर विचारायची सोय उरली नाही. पुढे काल्हेरची आमची जमीन गोडाऊनला गेली, भाडं सुरू झालं आणि भाऊजींना संकटांची वाट बघायला अख्खा दिवस मोकळा मिळाला. रोज गोडाऊनवर जाऊन आगीसाठी टांगलेल्या बादल्यांतली वाळू कोरडी आहे ना, हे हात घालून बघायचे. तिथला वॉचमन एकदा वैतागून म्हणाला, "चाचा, आग लगेगी तो मैं फोन कर दूंगा." भाऊजी म्हणाले, "और फोन जल गया तो?"

अशा माणसाच्या पुतणीला, म्हणजे आमच्या पल्लवीला, नाशिकला इंजिनीअरिंगची सीट लागली. आमच्या घरातून एवढं शिकणारी ती पहिलीच. सगळी आळी पेढे खात होती आणि भाऊजी विचारत होते, "हॉस्टेलची खोली कितव्या माळ्यावर?"

"तिसऱ्या," पल्लवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी भिवंडीच्या बाजारातून तीन माळे उतरता येईल एवढी नायलॉनची दोरी घेऊन आले. तिथून त्या पिशवीला सुरुवात झाली. ताडपत्रीच्या कापडाची पिशवी त्यांनी स्वतः दाभणाने शिवली. मग रोज संध्याकाळी तिच्यात एकेक वस्तू पडू लागली. बॅटरी, बॅटरीचे सेल, ते सेल संपले तर मेणबत्त्या, शिट्टी, कात्री, जखमेची पट्टी, हळद. पल्लवी त्यांच्या उंबऱ्यावर बसून सगळं हसत हसत ऐकायची आणि मी आतून धुसफुसायचे. पोरीचे कपडे घ्यायचे राहिलेत आणि इथे आगबोट भरणं चाललंय.

एक दिवस वास आला म्हणून बघते तर भाजलेले सुके बोंबील.

"भाऊजी, तिथे खानावळ आहे," मी म्हटलं.

"आन् बंद पडली तर?"

"मग बिस्किटं द्या."

"बिस्किटं कोनी पन खाईल. बोंबलाला तिथं कोन हात लावत न्हाय."

यावर माणसाने काय बोलावं? मी बोलले. बरंच बोलले. पोरगी शिकायला चाललीय, लढाईला नाही, तुमची भीती तिच्या खांद्यावर कशाला देता, असंही बोलून गेले. भाऊजींनी ऐकून घेतलं. बोंबील मात्र पिशवीतच राहिले.

निघायच्या दिवशी ह्यांना गोडाऊनवर थांबणं भाग होतं, म्हणून मी आणि पल्लवी दोघीच निघालो. मला वाटलं होतं भाऊजी सोबत येतील. ते म्हणाले, "सगळीच गेली आन् घराला काय झालं तर?" पिशवीचं तोंड त्यांनी दोरीने आवळलं, त्यावर होडीवरची एक गाठ मारली आणि पल्लवीला म्हणाले, "ही भरतीला पन सुटत न्हाय."

कॉलेजात मुलांची आणि आईबापांची ही गर्दी. त्या दिवशी खिडकी बंद व्हायच्या आत मूळ कागद दाखवायचे, नाहीतर सीट वेटिंगवरच्या पुढच्या मुलीला जाणार, असं आधीच कळवलेलं होतं. आमचा नंबर यायला दुपार सरली. क्लार्कने फाईल उघडली, कागद उलटेपालटे केले आणि म्हणाला, "ही झेरॉक्स आहे. ओरिजिनल कुठे आहेत?"

मी फाईल हिसकावूनच घेतली. मार्कशीट, दाखला, सगळ्याची झेरॉक्स. आदल्या रात्री मी स्वतःच्या हाताने मूळ कागद लावले होते. पल्लवीचा चेहरा बघवेना. घर कुठे, नाशिक कुठे. आमच्या मागेच वेटिंगवरच्या मुलीचे वडील उभे होते. ते एक पाऊल पुढे सरकले. वाईट माणूस नव्हता तो. त्यालाही मुलगीच होती.

घरात एकच मोबाईल होता, तो माझ्याकडे होता. घरच्या लँडलाईनला लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

"बोल," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, पल्लवीचे कागद?"

"सुखरूप हायत. पिशवीत, तळाला. चार प्लास्टिकांत गुंडाळलेत. सकाळी मीच बदलले. फाईल चोरीला गेली असती तर?"

मला रडू येत होतं आणि त्यांचा गळाही धरावासा वाटत होता. मी पिशवी खाली आपटली. आम्ही दोघी गाठीला भिडलो. ओढलं तशी ती आणखी आवळली. दातांनी ओढून पाहिलं. शिपायाने एक अर्धं ब्लेड आणून दिलं, ते दोरीवर चालवलं तर ब्लेडच मोडलं. खिडकीतला क्लार्क टेबल आवरायला लागला होता. वेटिंगवाल्या गृहस्थांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता आणि त्यात घडीची छोटी सुरी मला स्पष्ट दिसत होती. मी मागितली नाही आणि त्यांनीही दिली नाही.

"भाऊजी, कापायला काहीतरी सांगा," मी फोनवर ओरडले.

"कात्री हाय ना."

"कुठे?"

पलीकडून बारीक आवाजात आलं, "पिशवीत."

मी जे बोलणार होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात ते म्हणाले, "फोन पोरीच्या कानाला दे." मोबाईलची बॅटरी शेवटच्या काडीवर आली होती. मी फोन तिच्या कानाला धरून उभी राहिले. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता, आणि एवढ्या शांत आवाजात बोलताना मी त्यांना आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"ओढू नको, बाय. तुला घाई हाय ते तिला कळू देऊ नको. डाव्या अंगाचं टोक बघ. दिसलं? ते माघारी ढकल. ढकल नुसतं. आता मधला फेर सैल झाला? त्याच्यात बोट घाल आन् वर उचल."

पल्लवीने बोट घातलं, उचललं आणि ती मेली गाठ फुलासारखी उलगडली.

खिडकीची फळी अर्धी खाली आली होती. मी तिच्याखाली हात घातला. क्लार्कने कागद घेतले, नाकाशी नेले आणि विचारलं, "कसला वास हा?"

"बोंबील, सर," पल्लवी म्हणाली. "सुके."

त्याने कागद जरा लांब धरून शिक्का मारला. मागचे गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन गेले. मला सुटल्यासारखं वाटलं आणि वाईटही वाटलं.

घरी आल्यावर भाऊजींना चांगलं झाडायचं ठरवलं होतं. पण हे दुपारी घरी जेवून गेले होते, ते म्हणाले, दादा सकाळपासून फोनपाशीच बसून होता, जेवायलाही उठला नाही. मग मी त्यांचं ताट वाढलं.

पहिल्या रविवारी पल्लवीचा फोन आला. माझ्याशी बोलून झाल्यावर म्हणाली, "काकांना दे. पिशवी परत बांधली, आता सुटत नाही." भाऊजींनी गाठ मारायची कशी, सोडायची कशी, सगळं पहिल्यापासून सांगितलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग भाऊजी रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून आधीच फोनपाशी येऊन बसायला लागले. डाव्या अंगाचं टोक, माघारी ढकल, मधला फेर. त्यात मग जेवलीस का, थंडी हाय का, दाराला आतून कडी लावतेस ना, हेही यायचं. ठेवताना मला म्हणायचे, "अजून जमत न्हाय पोरीला."

शेवटी भाऊजी गोडाऊनवर गेलेले बघून मीच तिच्या हॉस्टेलला फोन लावला आणि तिला झापलं. इंजिनीअर होणार ना तू, एक गाठ शिकता येत नाही?

ती म्हणाली, "आई, पिशवी उघडीच असते गं. त्या दोरीवर मी कपडे वाळत घालते."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. या माणसाला मी त्याच्या भीतीवरून बोलले होते, ते आठवून मला माझीच लाज वाटली.

दिवाळीला ती घरी आली. मळक्या कपड्यांचं बोचकं तिने ओट्यावर ठेवलं. बोचक्याला तीच गाठ होती. तिच्या हाताने मारलेली, घट्ट, नीट. मी ते पटकन आत नेणार तोच भाऊजी समोर येऊन उभे राहिले. खाली बसले. गाठीवरून अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा. पल्लवी जागच्या जागी थिजली होती. भाऊजींनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"चुकलीय," ते म्हणाले. "गेलीस की रविवारी फोन कर. परत सांगतो."

"हो काका," पल्लवी म्हणाली.

इतके रविवार ऐकून ऐकून ती गाठ आता मलाही येते. तिच्यात काहीही चुकलेलं नव्हतं.