बाथरूमच्या दारात भरलेली सभा

बाथरूमची कडी सैल झाली होती, ती मी स्वतःच बसवायची ठरवली. सुतार चार दिवसांनी येतो म्हणाला, आणि मी पडलो जात्याच उत्साही. (बायको यासाठी वेगळा शब्द वापरते.) घरातले सगळ्यात लांब स्क्रू हुडकून कडी अशी ठोकून बसवली, की दुपारी तीनला आत गेलेली बायको चार वाजले तरी आतच.

आमची ही नगरसेविका. चारलाच सभा होती. वॉर्डातलं वाचनालय चालू ठेवायचा ठराव सहापर्यंत झाला नाही, तर तिथे पार्किंग होणार. आमच्या गावात कारभार सभेचा. नगराध्यक्ष सभेनेच निवडलेले, मत त्यांनाही एकच. मुख्याधिकारी सभा सांगेल तेवढंच करणार. सभासद तेरा. सहा वाचनालयवाले, सहा पार्किंगवाले, तेरावी आमच्या बाथरूममध्ये.

सुताराला अक्षरशः ओढून आणला. त्याने दार न्याहाळलं. "स्क्रू पार भिंतीत घुसलेत. भिंत फोडावी लागेल. त्याला नगरपरिषदेची परवानगी लागते."

"परवानगी देणारी आत आहे," मी म्हणालो.

आतून आवाज आला, "अहो, अध्यक्षांना फोन लावा. सभेची जागा तेच ठरवतात. सात जण जमले की सभा झाली."

सव्वापाचला नगराध्यक्षांसकट सहा वाचनालयवाले आमच्या पॅसेजमध्ये. अध्यक्ष चपलांच्या कपाटावर बसले, सचिवांनी वही इस्त्रीच्या टेबलावर उघडली. मागोमाग पार्किंगवाले धापा टाकत आले. त्यांचा पुढारी म्हणाला, "सदस्या दिसत नाहीत. हजेरी कशी धरायची?"

"दार उघडून बघा ना, भाऊ," बायको आतून म्हणाली. "तेवढे उपकार होतील."

मतदान हात वर करून. सहा इकडे, सहा तिकडे. आणि दारावरच्या झडपेतून कडी सुटावी म्हणून चोळलेल्या साबणाच्या फेसासकट एक हात बाहेर आला. सात विरुद्ध सहा! वाचनालय वाचलं. शेजारच्या काकूंनी जिन्यातून टाळ्या वाजवल्या, मी तर नाचलोच. त्याच दमात आमची भिंत फोडायची परवानगीही मंजूर झाली.

सचिवांनी चष्मा सावरला. "जागा बदलण्याचं कारण काय लिहू?"

"नैसर्गिक आपत्ती," आतून उत्तर आलं.

"कोणती?"

"दाराबाहेर नाचतेय ती."

अध्यक्षांनी तेही मताला टाकलं. तेरा विरुद्ध शून्य. आमच्या नगरपरिषदेत एकमताने मंजूर झालेला हा पहिलाच ठराव. पार्किंगवाल्यांच्या पुढाऱ्याने तर दोन्ही हात वर केले होते. एक बाद धरावा लागला.