दत्ताकाकांची थांबलेली तारीख

मुरुडच्या एसटी स्टँडमागं दत्ताकाकांची खोली हाय, तिथं दहा वर्षं एकच तारीख चालू हाय. काका कानाच्या मशीनचा आवाज लावून देतात. त्यांच्या कॉम्प्युटरातल्या प्रोग्रामचं लायसन दहा वर्षांमागं संपलं, कंपनी कानाच्या जुन्या मशीनसाठी नवं लायसन देत न्हाय, म्हणून काका रोज सकाळी कॉम्प्युटरची तारीख मागं ओढतात, लायसन संपायच्या आदल्या दिवसावर.

आणि स्वतःपण त्याच तारखेत राहतात. मला कार्डावर "उद्या ये" म्हणून तारीख लिहून दिली, ती बघून सासू म्हणाली, "अगो, हे तर तुझ्या लग्नाच्या आधीचं!"

खारा वारा लागू नये म्हणून कॉम्प्युटरला गोधडी, आणि आतला पंखा बंद पडलाय म्हणून काका पुठ्ठ्याने वारा घालतात.

"पंखा बदला की," मी म्हटलं.

"गप गो! एक पार्ट बदलला तर ह्यो मला ओळखायचा न्हाय. लायसन ह्याच्या हाडांवर हाय. तू पुठ्ठा धर."

मी धरला. हसूपण येत होतं आणि भीतीपण वाटत होती, कारण माझ्या चार वर्षांच्या चिऊला कोणीतरी दिलेलं कानाचं जुनं मशीन हाय, अलिबागला गेले, पनवेलला गेले, सगळे बोलले मॉडेल बंद झालं, नवीन घ्या, ते आमच्याने व्हायचं न्हाय, आणि काकांचा हा डबा मेला तर माझी पोर मला कधी ऐकणारच न्हाय.

काकांनी चिऊचं नाव टाकलं, जन्मतारीख टाकली. पडद्यावर लाल पट्टी.

"ह्याच्या हिशोबानं तुझी पोर अजून जन्मलीच न्हाय."

"मग ही कडेवर कोण हाय, काका?" मी रडायलाच लागले. काकांकडं आधी आलेली पोरं त्या तारखेआधी जन्मलेली, असं पहिल्यांदाच झालेलं.

काका बोलले, "चार वर्षांचीच पायजे. वय बघून आवाज ठरवतो ह्यो." आणि बोटांवर न मोजता एक तारीख टाकली. पट्टी गेली.

चिऊच्या कानात मशीन बसवल्यावर मी विचारलं, "ही कोणाची तारीख?"

"आमच्या पोरीची, मनूची."

"कुठं असते ती?"

"ती चारचीच राहिली," काका बोलले. "तू हाक मार हिला."

मी घाबरत मागून बोलले, "चिऊ!"

पोर वळली.

काका भिंतीकडं तोंड करून उभे होते. बोलले, "अजून एकदा मार. हळू."