उपवासाला चालणाऱ्या बाटलीचं इतिवृत्त

सुसंस्कृत माणूस कारणाशिवाय काहीही पीत नाही. चहा डोकं उतरावं म्हणून, काढा खोकला जावा म्हणून, सोलकढी जेवण पचावं म्हणून, आणि सरबत समोर कोणीतरी पाहुणा बसलाय म्हणून. आपल्या राज्याच्या कायद्यानेही हे तत्त्व मान्य केलं आहे. दारू प्यायची तर परवाना लागतो, आणि ती प्रकृती राखण्यासाठी हवी आहे असं त्यात नमूद असतं. (मजा येते म्हणून, असा रकाना नाही.)

नाहूरला आमच्या सोसायटीत सोळा बिऱ्हाडं आहेत. चौदा निर्व्यसनी, एक परवानाधारक आणि एक कॅथलिक. शेवटच्या बिऱ्हाडाची वेगळी मोजणी का, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

अशा या निर्मळ इमारतीत गेल्या फेब्रुवारीत एक बाटली आली. ती माझ्या नवऱ्याने, जयवंतने आणली. तो ट्रॉम्ब्याला नोकरीला आहे आणि तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी बेल्जियमला गेला होता. तिथल्या घरमालकाने निघताना बाटली पुढे केली तेव्हा जयवंतने 'नको नको' म्हणून मान हलवली. आपण मान कशी हलवतो हे तुम्हाला माहीत आहे. घरमालकाने हो समजून आणखी एक कागद गुंडाळून दिला. जयवंत स्वतः पीत नाही. पण फुकट मिळालेली वस्तू परदेशात टाकून येणं आमच्या दोघांच्याही घराण्यांत बसत नाही.

जिन्यातच समोरच्या नलिनीवहिनींनी त्याला गाठलं. त्यांना इमारतीतल्या प्रत्येक पिशवीत काय आहे ते कळावं लागतं, नाहीतर जेवण जात नाही.

"काय रे ते, कागदात गुंडाळलेलं?"

"मठातलं आहे, वहिनी. तिथले साधू बनवतात."

जयवंत खोटं बोलत नाही. तो खरं अशा ठिकाणी थांबवतो, की पुढचं ऐकणाऱ्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे पूर्ण करावं. बाटली खरोखरच एका ख्रिस्ती मठातली होती. आत काळसर बिअर होती आणि वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर डोळे मिटलेले एक टक्कल पडलेले साधू. दिवेलागणीपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या वनमालाबाई बाटलीला नमस्कार करून गेल्या. आमचे सेक्रेटरी कुंडलिक सामंत यांनी चपला दारात काढून विचारलं, "कोणत्या महाराजांचं म्हणायचं?"

मला या सगळ्यात रस नव्हता. मला वेगळीच काळजी होती. आमची मृणालिनी, म्हणजे मिनू, तेव्हा पावणेचार वर्षांची होती. घरात ती अखंड बोलते, पण परक्या माणसासमोर एक अक्षर काढत नाही. दोन शाळांनी तिला तोंडी परीक्षेत परत पाठवलं होतं. पहिल्या शाळेत नऊ प्रश्न, उत्तरं शून्य. दुसऱ्या शाळेत तेरा प्रश्न, उत्तरं शून्य, पण पंख्याची पाती मोजली. (मनात. मला कळलं, बाईंना कळलं नाही.) मी वेखंड उगाळून चाटवलं, पोपटाने टोचलेला पेरू दिला, आणि बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेलं असल्यामुळे दोन्ही गोष्टी लपून केल्या. उरली होती एकच शाळा, स्टेशनजवळचं कॉन्व्हेंट. मुलाखत बुधवारी. तिथे नाही म्हणाले की वर्ष गेलं, आणि सासूबाई कणकवलीहून लिहिणार, की मुलीची आई पुस्तकं वाचते त्याचं हे फळ.

तर बाटली. 'गार नको, तळघरातल्या थंडाव्यात ठेव' असं घरमालकाने सांगितलं होतं. आमच्या इमारतीला तळघर नाही, म्हणून मठातलं ते माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलं. दोन दिवस लोक येऊन बघून गेले. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या बॅप्टिस्ट अंकलना तज्ज्ञ म्हणून बोलावण्यात आलं. ते कॅथलिक आहेत ही त्यांची पात्रता. त्यांनी चिठ्ठी चष्म्यावरून वाचली, चष्म्यातून वाचली.

"अरे, हे आपल्या ब्रदर लोकांचं. उपवासाच्या चाळीस दिवसांत जेवण कमी, तेव्हा जुने ब्रदर हेच प्यायचे."

नलिनीवहिनी दारातच होत्या. "म्हणजे उपवासाला चालतं?"

"चालतं काय, धावतं."

माझ्या मते मराठी भाषेत 'उपवासाला चालतं' याहून सामर्थ्यवान शब्द नाहीत. बटाटा त्यांच्यामुळे तरला, साबुदाणा त्यांच्यामुळे पवित्र झाला. आता त्या बाटलीचा खालच्या जातीतला जन्मच पुसला गेला. तिला कोणी दारू म्हणेना. सामंतांनी कागदोपत्री 'मठपेय' हा शब्द सुचवला आणि शनिवारी जिन्यात तातडीची सभा घेतली. हरकत एकच निघाली. हे जवापासून करतात, आणि जव हे धान्य. त्यावर वनमालाबाईंनी विचारलं, आधी भाजतात का? जयवंत म्हणाला, हो, मोड आणून भाजतात. मग प्रश्नच मिटला. धान्यफराळाला भाजलेलं धान्य चालतंच. ठराव एकमताने मंजूर.

राहता राहिला कायदा. परवाना एकट्या गुणाजी परबांकडे. गुणाजी पूर्वी गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. संपानंतर कांजूरमार्गला एका कारखान्याच्या फाटकावर बसतात. म्हणून असं ठरलं, की मठपेय गुणाजी 'पितील' आणि इतर सदस्य त्याचं 'परीक्षण करतील'. परीक्षण म्हणजे औषधाच्या टोपणाने एक टोपण. टोपण मिनूच्या टॉनिकच्या बाटलीचं होतं. ते मी आधी एकदा आणि नंतर तीनदा उकळत्या पाण्यातून काढलं. इतिवृत्त लिहायला सुशिक्षित माणूस हवं म्हणून मला नेमलं.

रविवारी सकाळी टीव्हीवरचं सगळं संपल्यावर सभा आमच्या घरी भरली. बूच निघालं तेव्हा असा आवाज झाला, की वनमालाबाई आधी खाली वाकल्या आणि मग, वाकल्याच आहोत तर, म्हणून नमस्कार केला. मिनू माझा पदर मुठीत धरून टेबलाखाली बसली होती. माझं अर्धं लक्ष वहीत, अर्धं नलिनीवहिनींच्या उजव्या हाताकडे.

"एक बोट गं तिच्या जिभेला. मधासारखं. मठातलं आहे, जीभ सुटेल."

"नको, वहिनी."

"उपवासाला चालतं ते पोरीला नाही चालत?"

"नाही."

"बुधवारी मग रडत येऊ नकोस माझ्याकडे."

हे तीनदा झालं. इतिवृत्तात नोंद अशी : 'श्रीमती नलिनी यांची सूचना तीन वेळा फेटाळण्यात आली.' तिसऱ्या वेळी मी मिनूला मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडावर पदर धरून डाव्या हाताने लिहिलं. अक्षर त्यामुळे तसं आहे.

उरलेलं इतिवृत्त मी जसंच्या तसं देते.

'रंग : तपकिरी. खिडकीशी धरल्यास लाल. फेस : टिकाऊ, सायीसारखा. (सौ. वनमाला : एवढी साय आमच्या दुधाला येत नाही. सूचना विषयाबाहेर.)

'वास : श्री. बॅप्टिस्ट यांना सोळा वर्षं साखरेचा विकार असल्याने त्यांनी फक्त वास घेतला. त्यांचं मत : नाताळच्या केकसाठी सुकामेवा भिजत घातलेला डबा महिन्याने उघडला, की पहिल्या क्षणी येतो तो. त्यानंतर इतर कोणालाही दुसरा कसलाही वास येईना. श्री. गुणाजी यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं.'

गुणाजींचं मत मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं होतं, कारण त्याचं सरकारी मराठी होत नव्हतं. "माका विचारशात तर, काजीचे बोंडू झाडाखाली पडान कुजले काय असोच वास येता. मे म्हयन्यात. आवशीन हाक मारल्यान तरी आमी येव नाय." इतिवृत्तात : 'सदस्यांत मतभेद आहेत.'

'चव : प्रथम गोड, जळक्या गुळासारखी. नंतर कडू. कडूपणा घशात उशिरा पोचतो आणि उशिरापर्यंत बसतो. शेवटी लवंग. (श्रीमती नलिनी : लवंग नव्हे, जायफळ. मतास टाकले. लवंग ३, जायफळ २, तटस्थ १.)

'गाळ : तळाशी गाळ आहे. तो हलवू नये. सेक्रेटरींच्या मते ते सत्त्व असून वडीलधाऱ्यांना द्यावे. सर्वांत वडील सेक्रेटरी निघाले.

'परिणाम : श्री. गुणाजी यांची प्रकृती राखली गेली. सत्त्वानंतर सेक्रेटरींनी गच्चीवरची टाकी दोन वर्षं धुतलेली नाही, हे स्वतःहून सांगितले. आभारप्रदर्शन झाले नाही.'

सहकारी संस्थेच्या शिस्तीप्रमाणे इतिवृत्त वाचून कायम करावं लागतं. सामंतांनी ते मोठ्याने वाचलं. मग टाकीचं वाक्य काढून पुन्हा वाचलं. मग सदस्यांनी ते वाक्य परत घालायला लावून तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मिनू एवढा वेळ पदराआड शांत होती. मला वाटलं झोपली.

बुधवारी कॉन्व्हेंटमध्ये आमचा नंबर सातवा होता. आधीची सहा मुलं आतून रडत किंवा कविता म्हणत बाहेर आली. मुलाखत सिस्टर इव्हा घेत होत्या. वसईच्या, मराठी माझ्याहून स्वच्छ. त्यांनी नाव विचारलं. मिनूने वर पंख्याकडे बघितलं. वडील काय करतात? मिनूने बोटं मोजायला घेतली. माझ्या मनात सासूबाईंच्या पत्राचा मायना तयार होत होता. सिस्टरनी रंगीत पुठ्ठे काढले आणि त्यातला एक पुढे धरला.

"हा कुठला रंग, बाळ?"

"तपकिरी," मिनू म्हणाली. "खिडकीशी धरल्यास लाल."

सिस्टर उठल्या आणि पुठ्ठा खरोखरच खिडकीशी धरून आल्या. तो लाल झाला नाही, पण त्यांनी धरला, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करते.

पुढचं चित्र दुधाच्या पेल्याचं होतं. "आणि हे?"

"फेस टिकाऊ, सायीसारखा."

"अरे वा. तुला आवडतं का दूध?"

"सदस्यांत मतभेद आहेत."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "कडू काय असतं, सांगशील?"

"कडूपणा घशात उशिरा पोचतो," मिनू म्हणाली, "आणि उशिरापर्यंत बसतो. तळाशी गाळ आहे. तो हलवू नये."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. ज्या बाईच्याच धर्मातले ब्रदर हे बनवतात, तिला हे वर्णन कशाचं हे कळायला कितीसा वेळ लागणार?

"या मुलीने काय प्यायलंय?"

"काही नाही, सिस्टर. देवाशपथ. एक थेंबही नाही. माझ्या मांडीवर होती, तोंडावर माझा पदर होता."

"चाटलंही नाही?"

"नाही."

"वासही नाही घेतला?"

"पदराला फोडणीचा वास होता, सिस्टर. दुसरा यायची सोय नव्हती."

"मग एवढं खात्रीने कसं सांगते?"

"मोठी माणसं वाचत होती. तिने ऐकलं. तीन वेळा."

मी वाट लागली असं धरून मिनूचे बूट शोधायला लागले. पण सिस्टरच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. "म्हणजे स्वतः न चाखता, जसं ऐकलं तसं, एक शब्द न चुकता," त्या म्हणाल्या, आणि फॉर्मवर काहीतरी लिहून खाली दोन रेघा मारल्या. "अहो, आम्हाला दहावीपर्यंत हेच तर शिकवायचं असतं. ही तर तयार होऊन आली आहे."

मिनूला प्रवेश मिळाला. ती बातमी नाहूरमधून भांडुपला आणि तिथून मुलुंडला गेली. आतापर्यंत माझ्याकडे एकतीस आया येऊन गेल्या. एकतीसपैकी एकतीस जणींनी दार लोटून घेऊन विचारलं, "खरं सांग, किती टोपणं दिलीस?" काही दिलं नाही म्हटल्यावर त्या, शिकलेल्या बायका अशाच आतल्या गाठीच्या असतात, या नजरेने बघतात. नलिनीवहिनींनी तर जिन्यात सांगून टाकलंय, की मी नको म्हणत असताना चौथ्या वेळी त्यांनी गुपचूप बोट लावलंच होतं. लावलं नव्हतं. मी पाहत होते.

तुम्ही तसले नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही विचारी वाचक आहात, बाटल्यांवर विश्वास ठेवत नाही. पण येत्या महिन्यात कधीतरी कोणाच्या घरी असा विषय निघेल, आणि तुम्ही सोफ्यावर जरा पुढे सरकून म्हणाल, की त्या मठाच्या काळ्या बिअरचं काय असतं, आधी जळक्या गुळासारखी लागते, मग कडू, आणि कडूपणा घशात उशिरा पोचतो. लोक माना डोलावतील. तुम्ही एक थेंबही घेतलेला नसेल. बिनधास्त सांगा. मिनू तर सांगताना पावणेचार वर्षांचीच होती.